१४ किलोच्या इंडीसाठी घरचं जेवण: चिकन-भातात नेमकं काय कमी पडतं?

खारघरकर

कुत्री, इंडी म्हणजे देशी जातीची, वय अडीच वर्षं, वजन १४ किलो, नसबंदी झालेली, तब्येत ठणठणीत. सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास फिरणं, बाकी दिवसभर फ्लॅटमध्ये लोळणं. सध्या पाकिटातलं कोरडं खाणं चालू आहे, आता घरी शिजवायचा विचार आहे. ज्याला विचारावं तो म्हणतो, "चिकन-भात घाला, चिमूटभर हळद टाका, झालं." पण तेवढ्यावर कुत्रं वर्षानुवर्षं नीट राहतं का?

मला आकडे हवे आहेत. रोज कशाचे किती ग्रॅम, कॅल्शियम कशातून आणि किती, एकदम शिजवून ठेवायचं तर किती दिवसांचं. फ्रीज साधा एकदारी आहे, फ्रीझर म्हणजे वरचा बर्फाचा कप्पा. पावसाळ्यात वीज गेली की कधी कधी तास-दोन तास येत नाही, तेही धरून सांगा. घरात मांसाहार शिजतो, त्यामुळे तो प्रश्न नाही.

कापूरबावडी

पोट बिघडल्यावर चार दिवस द्यायला चिकन-भात उत्तम आहे. कायमचं जेवण म्हणून तो अर्धवट आहे. प्रथिनं मिळतात, ऊर्जा मिळते, पण कॅल्शियम जवळजवळ नाहीच. जस्त, तांबं, आयोडीन, व्हिटॅमिन डी आणि ई हेही कमी पडतात. पहिले काही महिने यातलं काहीच दिसत नाही, म्हणून सगळ्यांना वाटतं की छान चाललंय. रक्तातलं कॅल्शियम कमी होऊ लागलं की शरीर ते हाडांतून काढून भरून घेतं, त्यामुळे रक्त तपासलं तरी आकडा बहुतेक वेळा ठीकच येतो. झीज हाडांची होत असते.

आधी ऊर्जेचा हिशोब. सूत्र असं: वजनाचा ०.७५ घात गुणिले ७०. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर वजनाला वजनाने दोनदा गुणायचं आणि वर्गमूळ दोनदा काढायचं. १४ × १४ × १४ = २७४४. पहिलं वर्गमूळ ५२.४, दुसरं ७.२४. त्याला ७० ने गुणलं की साधारण ५०७ किलोकॅलरी. ही नुसतं पडून राहण्याची गरज झाली. नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्यासाठी याला १.६ ने गुणतात, म्हणजे ८११. पण फ्लॅटमध्ये लोळणाऱ्या, तासभर फिरणाऱ्या कुत्रीला १.४ पासून सुरुवात करावी, म्हणजे ७१० च्या आसपास. पुढे वजन बघून वर-खाली करता येतं.

आता चार दिवसांचा घाणा. चार दिवसांचा अशासाठी की चिकन बरोबर एक किलो लागतं आणि पाच लिटरच्या कुकरमध्ये सगळं बसतं.

चिकन, कातडी काढलेलं, लेग बोनलेस: १ किलो
कलेजी: ८० ग्रॅम
तांदूळ: २६० ग्रॅम कोरडे
अंडी: ४
लाल भोपळा २४० ग्रॅम, फरसबी १६० ग्रॅम
सूर्यफुलाचं तेल: २८ ग्रॅम, म्हणजे मोजायच्या ५ मिलीच्या चमच्याने ६ चमचे
अंड्याच्या कवचाची पूड: १० ग्रॅम
व्हिटॅमिन-मिनरल मिक्स: लेबलप्रमाणे (खाली लिहिलं आहे, हे ऐच्छिक नाही)

सगळी वजनं कच्च्याची आहेत. यातून दिवसाला साधारण ७१५ किलोकॅलरी आणि ६० ग्रॅमच्या वर प्रथिनं मिळतात. वाटी, मूठ, "अंदाजे" असलं काही नको. ग्रॅममध्ये मोजणारा किचन वजनकाटा घ्या. वाटीभर तांदूळ कोणाकडे १२० ग्रॅम भरतो, कोणाकडे १८०, आणि फरक कुत्र्याच्या कमरेवर दिसतो.

दुकानात नुसतं "बोनलेस" मागितलं तर बहुधा छातीचं मांस मिळतं. ते जास्त रुक्ष असतं, म्हणून लेग मागा. खिमा घेणार असाल तर कातडी आणि पिवळी चरबी काढायला सांगून डोळ्यांसमोर करून घ्या, नाहीतर दोन्ही त्यातच दळली जातात. करी कट घेऊन हाडं वेचत बसू नका. शिजलेलं हाड चिरफाळतं आणि बारीक अणकुचीदार तुकडे हाताला लागत नाहीत.

तांदूळ तिप्पट पाण्यात भाज्यांसकट कुकरला मऊ शिजवा. फरसबी अगदी बारीक चिरा, मोठे तुकडे जसेच्या तसे शीमधून बाहेर येतात. चिकनचे बोराएवढे तुकडे करून कपभर पाण्यात मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं शिजवा, शेवटच्या पाच मिनिटांत कलेजी टाका. ते पाणी फेकायचं नाही, सगळं भातात ओतायचं. अंडी कडक उकडून कुस्करून घाला. तेल, कवचाची पूड आणि मिक्स हे तिन्ही शेवटी, जेवण पूर्ण निवल्यावर.

वाटणीची युक्ती: रिकाम्या पातेल्याचं वजन आधी लिहून ठेवा. सगळं कालवल्यावर पातेल्यासकट वजन करा, त्यातून पातेलं वजा करा, उरलेल्याला ८ ने भागा. एका वेळचा वाटा मिळाला. पाणी कमी-जास्त पडलं तर एकूण वजन बदलतं, पण आठवा भाग आठवाच राहतो. साधारण ३५० ग्रॅमच्या आसपासचा वाटा येईल.

मिक्सबद्दल. या घाण्यात जस्त दिवसाला साडेसहा मिलिग्रॅमच्या आसपास येतं, हवं १४. आयोडीन हवं साधारण १८० मायक्रोग्रॅम, मिळतं त्याच्या पाव हिश्श्याहून कमी. हे भाज्या बदलून भरून निघत नाही. घरच्या जेवणाला पूरक म्हणून बनवलेली पावडर घ्या, जिच्या लेबलवर जस्त, तांबं, आयोडीन, डी आणि ई यांचे आकडे प्रति ग्रॅम छापलेले असतात. नुसतं "केसांसाठी मल्टिव्हिटॅमिन सिरप" हे काम करत नाही. आणि त्या पावडरमध्ये कॅल्शियम आधीच पुरेसं असेल तर कवचाची पूड टाकायची नाही. दोन्ही टाकणं ही नेहमीची चूक आहे.

हा घाणा आणि निवडलेल्या मिक्सचं लेबल, दोन्ही तुमच्या पशुवैद्यांना एकदा दाखवा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये कुत्र्यांच्या घरच्या जेवणाच्या २०० पाककृती तपासल्या होत्या. ९५ टक्के पाककृतींत निदान एक तरी आवश्यक घटक कमी होता, आणि त्यातल्या बऱ्याच पशुवैद्यांनीच लिहिलेल्या होत्या. म्हणून इंटरनेटवरच्या सुंदर फोटोवाल्या वाडग्यांवर भरवसा नको.

दिवाळेकर

वरच्या घाण्यात दोन सुधारणा सुचवतो.

कलेजी कोंबडीची न घेता बोकडाची घ्या. कोंबडीच्या कलेजीत तांबं फारच थोडं असतं, बोकडाच्या कलेजीत त्याच्या कितीतरी पट. ८० ग्रॅम सुटी कलेजी मटणवाला देतो, आधी सांगून ठेवलं तर नक्की देतो. मात्र प्रमाण वाढवू नका. कलेजीत व्हिटॅमिन ए भरपूर असतं, ते शरीरात साठतं आणि रोज वाटीभर कलेजी खाणाऱ्या कुत्र्याचे सांधे काही काळाने आखडतात. एकूण जेवणाच्या पाच टक्क्यांच्या आत ठेवा. आणि हे वाचणाऱ्या लॅब्राडोरवाल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बोकडाच्या कलेजीकडे वळू नये. लॅबच्या यकृतात तांबं साठण्याची प्रवृत्ती असते.

दुसरं, मासे. आठवड्यातून एका घाण्यात २०० ग्रॅम चिकन कमी करून तेवढीच तारली घाला. ओमेगा-३, व्हिटॅमिन डी आणि आयोडीन तिन्हीला हातभार लागतो आणि तारली स्वस्तही आहे. कोळणीकडून डोकं आणि आतडी काढून घ्या, मग कुकरमध्ये थोड्या पाण्यात मंद आचेवर अर्धा तास. काटा दोन बोटांत दाबून बघायचा: पिठासारखा चुरला तर मासा काट्यासकट कुस्करून घालता येतो, टोचला तर परत कुकर. बांगड्याचा मधला काटा एवढा मऊ होत नाही, तो काढूनच टाका. कच्चा मासा नको. खारवलेला सुका बांगडा तर मुळीच नको, त्यात मीठ भयंकर असतं. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा गोठवलेली तारली चालते, किंवा दिवसाला १००० मिलिग्रॅमची एक साधी फिश ऑइल कॅप्सूल टोचून जेवणावर पिळा. कॉड लिव्हर ऑइल त्याच्या जागी वापरू नका. त्यात ए आणि डी असतं, कलेजी आणि मिक्सच्या जोडीला ते नको.

सीवूड्स_४०

कांदा आणि लसूण याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. "थोडासाच होता", "शिजलेला होता" यांना अर्थ नाही. शिजवून, वाळवून, पूड करून त्यातलं विष जात नाही. तांबड्या पेशी फुटतात, पण लगेच नाही, तीन-चार दिवसांनी: हिरड्या पांढुरक्या, लघवी तांबूस-तपकिरी, कुत्रं मलूल. तोपर्यंत कांदा खाल्ल्याचं कोणाच्या लक्षातही नसतं. रोज थोडं थोडं पोटात गेलं तरी साचत जातं. म्हणून घरच्या रश्श्यातले चिकनचे तुकडे "धुऊन" घालू नका. बाजारातले सूप क्यूब नकोत, त्यात कांदा-लसूण पूड आणि मीठ दोन्ही असतात.

आणि चिंच. मनुका-द्राक्षं कुत्र्याला वाईट हे बऱ्याच जणांना ठाऊक आहे. मूत्रपिंडं बंद पडतात. त्यामागे टार्टारिक आम्ल असावं असं अमेरिकेतल्या एएसपीसीएच्या विषबाधा केंद्राच्या पशुवैद्यांनी २०२१ मध्ये मांडलं. चिंचेत हेच आम्ल भरपूर असतं. म्हणजे आमटीचं पाणी, सांबार, भेळेची चटणी, चिंचेच्या गोळ्या सगळं बाद.

यातलं काही पोटात गेलं तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायच्या भानगडीत पडू नका, त्याने मिठाचीच विषबाधा होते. थेट दवाखाना गाठा. शुगर-फ्री च्युइंगममध्ये साखरेऐवजी घालतात त्या झायलिटॉलला तर अर्धा तासही पुरतो.

खारघरकर

भरपूर मिळालं, आभार. कवचाची पूड नीट कशी करायची? आणि औषधाच्या दुकानात कुत्र्यांचं कॅल्शियम सिरप मिळतं, किंवा माणसांच्या कॅल्शियमच्या गोळ्या घरात असतात, त्या चालणार नाहीत का? एक ओळखीचे म्हणतात की कुकरमध्ये हाडं तासभर उकळून ते पाणी घाला, कॅल्शियम त्यात उतरतं.

कापूरबावडी

हाडांच्या पाण्यात कॅल्शियम नगण्य उतरतं. चव येते, जिलेटिन येतं, थोडी चरबी येते. कॅल्शियम हाडातच राहतं.

सिरपची बाटली उलटी करून लेबल वाचा. बहुतेक सिरपमध्ये कॅल्शियमसोबत फॉस्फरसही असतो. तुमची अडचण मुळात अशी आहे की मांसात आणि भातात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नाही. या घाण्यात दिवसाला फॉस्फरस पाऊण ग्रॅमच्या जवळ येतो, कॅल्शियम अवघं एक दशांश ग्रॅम. दोघांचं प्रमाण कॅल्शियमच्या बाजूने १ ला १ ते २ ला १ यांच्या दरम्यान हवं. दोन्ही एकत्र ओतलं की तफावत तशीच राहते. शिवाय ५ मिलीमध्ये प्रत्यक्ष कॅल्शियम इतकं कमी असतं की गरज भागवायला अर्धी बाटली रोज लागेल.

कवचात नव्वद टक्क्यांच्या वर कॅल्शियम कार्बोनेट, फॉस्फरस नावापुरता. एक ग्रॅम पुडीतून साधारण ३८० मिलिग्रॅम कॅल्शियम. तुमच्या कुत्रीला रोज अडीच ग्रॅम पूड, म्हणजे ९५० मिलिग्रॅम. त्याने प्रमाण १.४ ला १ च्या आसपास बसतं. मोजायच्या ५ मिलीच्या चमच्याने हा सपाट अर्धा चमचा होतो, पण दहा ग्रॅम एकदम काट्यावर मोजून घाण्यात कालवणं जास्त खात्रीचं. एका अंड्याचं कवच पाच ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे चार अंड्यांच्या घाण्यातून दोन घाण्यांची पूड निघते.

कवचं धुवा, दहा मिनिटं उकळा म्हणजे साल्मोनेला हा जिवाणू जातो, मग तव्यावर मंद आचेवर पूर्ण कोरडी करा. आतला पातळ पापुद्रा निघाला तर काढा, राहिला तर बिघडत नाही. चटणीच्या छोट्या भांड्यात दळा, मोठ्या भांड्यात एवढीशी कवचं नुसती भिंतींना चिकटून फिरतात. मग मैद्याच्या चाळणीने चाळा. चिमूट दोन बोटांत चोळली तर टाल्कम पावडरसारखी लागली पाहिजे. रवाळ राहिली तर नीट शोषली जात नाही आणि आतड्यालाही बोचते. कोरड्या काचेच्या बरणीत ठेवा. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात प्लास्टिकच्या डब्यात गुठळ्या होतात.

माणसांच्या गोळ्या अडीअडचणीला चालतात, लेबल वाचता आलं तर. "कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिग्रॅ" आणि "५०० मिग्रॅ एलिमेंटल कॅल्शियम" ही एकच गोळी असते, मोजायचा तो ५०० चा आकडा. अशा दोन गोळ्या कुटून दिवसाच्या जेवणात. सोबत डी३ बहुतेक २५० आययू असतं, तेवढं चालतं, पण मग मिक्समधलं डी त्यात धरून डॉक्टरांशी बोला. १००० किंवा २००० आययूवाल्या गोळ्या नकोत, आणि साठ हजारची आठवड्याची पुडी किंवा कॅप्सूल कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर ठेवूच नका. चघळायच्या शुगर-फ्री गोळ्यांत झायलिटॉल असू शकतं, त्या बाद.

सीवूड्स_४०

साठवणुकीचं मी सांगते, कारण जेवण बिघडतं ते इथेच.

भातात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवून मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत तासन्‌तास पातेल्यात झाकून राहिला की ते वाढतात, आणि त्यांचं विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. मे महिन्यात आपल्याकडे स्वयंपाकघर पस्तीस अंशांवर असतं. म्हणून शिजल्या शिजल्या परातीत पसरा, पंख्याखाली ठेवा, अर्ध्या-पाऊण तासात डब्यांत भरून फ्रीजमध्ये. "रात्री निवेल, सकाळी ठेवू" असं चालणार नाही.

आठ वाट्यांपैकी चार खालच्या कप्प्यात, म्हणजे दोन दिवसांचे, आणि चार बर्फाच्या कप्प्यात. एकदारी फ्रीजचा तो कप्पा उणे अठरापर्यंत जात नाही, त्यामुळे तिथे महिनाभराचा साठा करू नका. चार दिवसांचा घाणा हा तुमच्या फ्रीजला साजेसाच आहे. गोठवायचे वाटे डब्यात न भरता झिपच्या पिशवीत दोन सेंटिमीटर जाडीचे चपटे करून ठेवा. लवकर गोठतात, लवकर सुटतात आणि जागाही कमी खातात. कवचाची पूड वर सांगितल्याप्रमाणे घाण्यातच कालवा, मिक्स मात्र घाण्यात न घालता वाढताना घाला. त्यासाठी दिवसाचं माप लेबलवरून काढून त्याचे दोन भाग करायचे.

वीज: दार उघडलं नाही तर खालचा कप्पा साधारण चार तास थंड राहतो. तुमच्याकडच्या तास-दोन तासांना काही होत नाही, फक्त दर दहा मिनिटांनी उघडून बघू नका. चारच्या वर गेली तर खालचे वाटे टाकून द्या. वास येत नाही म्हणजे चांगलं आहे असं नसतं. वरच्या पिशवीत अजून बर्फाचे कण लागत असतील तर ती राहू द्या. एक सोपी खूण: वाटीत पाणी गोठवून वर रुपयाचं नाणं ठेवा. दोन दिवस बाहेरगावी जाऊन आलात आणि नाणं तळाशी दिसलं तर मधे सगळं वितळून पुन्हा गोठलेलं आहे.

वाढायच्या आदल्या रात्री पिशवी खालच्या कप्प्यात आणा. सकाळी गरम पाण्यात पिशवी बुडवून कोमट करा. वाढलेलं अर्ध्या तासात खाल्लं नाही तर उचला.

घोडबंदर_इंडी

आमच्या घरात मांस शिजत नाही, अंडी चालतात. या हिशोबात बसणारं काही आहे का? कुत्रा साधारण तेवढ्याच वजनाचा.

कापूरबावडी

बसवता येतं, पण जास्त काळजीने. दिवसाला पनीर १०० ग्रॅम, अंडी २, तांदूळ ६० ग्रॅम आणि मूगडाळ २५ ग्रॅम, दोन्ही कोरडे. ७२५ च्या आसपास किलोकॅलरी आणि ४० ग्रॅम प्रथिनं होतात, किमान गरजेच्या वर पण फार वर नाही. डाळ मऊ शिजलेली, फोडणी नाही. पनीर घरी गायीच्या दुधाचं करा. बाजारच्या पनीरमध्ये चरबी जास्त असते, आणि ज्याला स्वादुपिंडाचा त्रास होऊन गेलाय अशा कुत्र्याला ती झेपत नाही. पनीरमध्ये कॅल्शियम असतं, पण दुधावर अवलंबून इतकं बदलतं की कवचाची पूड किती हे मी इथून सांगणार नाही. टॉरिन, तांबं, जस्त, आयोडीन यांचा हिशोब वेगळा मांडावा लागेल. म्हणून हा पर्याय पशुवैद्यांकडून कागदावर लिहून घेतल्याशिवाय सुरू करू नका. अंडी पूर्ण शिजवा, कच्च्या पांढऱ्यातलं एव्हिडिन बायोटिन अडवून ठेवतं.

डाळ स्वस्त म्हणून शंभर ग्रॅम आणि पनीर चवीपुरतं, असं मात्र करू नका.

माजीवडा_लॅब

तीन महिन्यांच्या लॅब पिल्लाला हाच घाणा वजनाच्या प्रमाणात वाढवून दिला तर?

दिवाळेकर

नाही. पिल्लाला कॅल्शियम प्रौढाच्या दुपटीहून जास्त लागतं, आणि मोठ्या जातीच्या पिल्लाला जास्त झालं तरी अपाय होतो. सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू जादा कॅल्शियम आतड्यात अडवू शकत नाही, जेवढं येईल तेवढं शोषतं आणि हाडं वाकडी वाढतात. कमी पडलं तर पाय धनुष्यासारखे, साध्या उडीत मोडतात. दोन्ही बाजूंनी कडा आहे. वर्ष-सव्वा वर्षाचं होईपर्यंत मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं चांगलं पाकीट द्या. त्यावर कॅल्शियमचं सिरप ओतू नका, हे ठाण्यात निम्मे लोक करतात.

खारघरकर

शेवटचे तीन प्रश्न. पाकिटावरून यावर किती दिवसांत यायचं? वाटा बरोबर आहे हे कशावरून कळणार? आणि फरसबी महाग असली की दुधी चालेल का? मधेमधे ती खाजवते, ते जेवण बदलून थांबेल असं कोणी म्हणालं.

कापूरबावडी

पहिले तीन दिवस पाव हिस्सा घरचं, पुढचे तीन अर्धं-अर्धं, मग तीन दिवस पाऊण, दहाव्या दिवसापासून पूर्ण. शी पातळ झाली तर मागच्या पायरीवर परत. पूर्ण घरचं सुरू झाल्यावर शी पांढुरकी, खडूसारखी कोरडी आणि कुंथून होत असेल तर कॅल्शियम जास्त झालंय, पूड मोजायला चुकताय. चकचकीत, तेलकट, मऊ असेल तर चरबी जास्त, म्हणजे चिकनची कातडी आत गेली आहे किंवा तेलाचा हात सैल आहे. पाणी कमी प्यायला लागेल, त्याने घाबरू नका. या जेवणातच पाणी खूप आहे.

वजन दर पंधरा दिवसांनी. तिला उचलून वजनकाट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा, वजाबाकी करा. अर्धा किलो वाढली तर सगळंच दहा टक्क्यांनी कमी करा, नुसता भात कमी करून नाही. छातीवरून हात फिरवला तर फासळ्या न दाबता मोजता आल्या पाहिजेत, वरून बघितलं तर कंबर दिसली पाहिजे.

वरचं खाणं एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांत, म्हणजे सत्तर किलोकॅलरी. ग्लुकोजच्या एका बिस्किटात वीस-पंचवीस. वॉचमनने दोन आणि लिफ्टमधल्या काकूंनी एक दिलं की दिवसाचा कोटा संपला. तूप लावलेली अख्खी पोळी या हिशोबात बसत नाही. पिशवीत उकडलेल्या गाजराचे तुकडे ठेवा आणि तेच काकूंच्या हातात द्या.

दुधी चालतो, पडवळ चालतं, गाजर चालतं. पालक रोज नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. दुधी चिरल्यावर एक तुकडा जिभेला लावून बघा, कडू लागला तर अख्खा टाका. तो माणसालाही विषारी असतो.

खाजेचं वेगळं. नवी मुंबईच्या दमट हवेत खाजेमागे आधी गोचीड, पिसवा, माइट्स (त्वचेतले सूक्ष्म किडे) आणि कानातली-पंजातली बुरशी शोधतात. त्वचेची खरवड तपासून घ्या. ते सगळं स्वच्छ निघालं तरच अन्नाच्या अ‍ॅलर्जीची चाचणी. त्यात किमान आठ आठवडे तिने कधीच न खाल्लेलं एकच प्रथिन द्यायचं आणि बाकी बिस्किटसुद्धा नाही. चिकन ही कुत्र्यांत नेहमी आढळणारी अ‍ॅलर्जी आहे, त्यामुळे पाकिटातलं चिकन बंद करून पातेल्यातलं चिकन सुरू केल्याने त्यात काही फरक पडणार नाही. त्वचेची तपासणी आधी उरका, घाणा त्यानंतर लावा.